सतरा साक्षी

त्याला घरात धाकटा म्हणायचे आणि कचेरीत मोठे साहेब. हा विनोद वस्तीत इतक्या वेळा करून झाला होता की आता न्हावी सोडून कुणी करतही नव्हतं. पण थोरली दर वेळी हसायची. ती का नाही हसणार? ती त्या घरात सून म्हणून आली तेव्हा हा दीर सहा वर्षांचा, आईविना पोर, नाक वाहतंय, चड्डीला बटण नाही. तिनं त्याला न्हाऊ घातलं, पाढे म्हणून घेतले, शाळा चुकवली की कान धरून मास्तरांपुढे उभं केलं. नवरा मातीकामाचा मुकादम. वीस-पंचवीस माणसांची टोळी घेऊन कुठं पाट खणायचा, कुठं रस्त्याचा भराव घालायचा. त्या कमाईवर धाकटा शिकला, आणि शिकला म्हणजे काय, चढतच गेला. आता सगळ्या भागाचं नियोजन आणि बांधकाम त्याच्या हातात. रस्ता, पूल, पाणी काहीही असो, त्याची सही झाल्याशिवाय एक खडा इकडचा तिकडे होत नसे.

तर झालं काय, थंडी सरत आली होती आणि बातमी आली. शहराला पाणी पुरत नाही, ओढ्यावर धरण होणार. आणि पाणी साठणार ते नेमकं कुठं, तर वस्तीच्या डोक्यावर. बेचाळीस घरं बुडणार. वस्तीत दोन दिवस चुली धड पेटल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माणसं जमायला लागली. कुणी म्हणालं रस्ता अडवू, कुणी म्हणालं कचेरीच्या दारात बसू. तेवढ्यात धाकट्याची गाडी आली.

गाडी त्यानं लांब रस्त्यालाच उभी केली. चालत आला, ओट्यावर बसला, म्हणाला, "वहिनी, चहा टाक. तुझ्या हातचा. तिकडं मिळतो तो चहा नसतो, रंगाचं पाणी असतं."

थोरलीनं चहा दिला. त्यानं एक काडी उचलली आणि धुळीत रेघा ओढल्या. "हा ओढा. ही वस्ती. आणि हे वरच्या अंगाला जुनं तळं. गाळानं भरलंय, चार फूट खोली उरलीय. हे दहा फूट झालं ना, की शहराचं भागतं. मग धरण लागतच नाही."

"मग खणा की!" थोरली म्हणाली. "तुझ्याकडं एवढी मशिनं आहेत."

"मशीन लावायचं तर मंजुरीला दोन वर्षं जातील. तोवर धरण उभं राहील. पण तुम्ही खणलंत, पावसाच्या आत सहा फूट खाली नेलंत, तर मी नकाशा बदलतो."

मुकादम भिंतीला टेकून बसला होता. तो बोलायचा कमी. म्हणाला, "लिहून देशील?"

"दादा, घरात काय लिहून द्यायचं?" धाकटा हसला. मग थोरलीकडं वळला. "वहिनी, मी तुझ्याशी खोटं बोलेन?"

संपलं. थोरली उठली आणि घरोघर फिरली. रस्ता अडवायला निघालेल्यांना तिनं परत बसवलं. न्हाव्याच्या दारात गेली तर तो कुणाची तरी दाढी करत होता. म्हणाला, "थोरले, सहा फूट म्हणजे माझ्यावर एक हात आणखी. मी आत उतरलो तर मला काढणार कोण?"

"तुमची जीभ बाहेर राहील ना भाऊजी. ती धरून ओढू."

साबण लावलेला माणूस हसला आणि त्यानं गालावर कापून घेतलं. असं ते काम सुरू झालं.

ते काम कसलं होतं ते ऐका. वरचा गाळ वाळून कडक झालेला, कुदळ मारली की टण्णकन उडायची आणि कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. तो थर गेला की खाली चिकट काळी माती. ती फावड्याला धरून बसायची, आधी फावडं खरवडायचं, मग घमेलं भरायचं. बायका रांगेनं घमेली घेऊन काठावर चढायच्या आणि माती तिथंच ओतायच्या, म्हणून काठ रोज उंच व्हायचा आणि रोज चढण वाढायची. पहिल्या महिन्यात बारा पावलं, तिसऱ्या महिन्यात एकोणतीस. थोरलीनं मोजली होती. ऊन असं की घमेल्याची कड हाताला भाजायची, डोक्यावरचं फडकं घामानं भिजून परत वाळून कडक व्हायचं, नुसतं उभं केलं तरी उभं राहील असं. शिक्षकापासून सुतारापर्यंत सगळे उतरले. पोरं-बाळं काठावर. संध्याकाळी घरी जाऊन माणसं जेवता जेवता झोपायची. न्हाव्याच्या हातांना असे घट्टे पडले की त्याच्याकडं दाढीला बसायला माणूस घाबरायला लागला.

"हात थरथरतोय तुझा," कुणी म्हणालं की तो म्हणायचा, "मग हलू नकोस. दोघांपैकी एकानं तरी स्थिर राहावं."

आणि मुकादमानं, त्याच्या धंद्याची रीत होती ती, तळ्याच्या पोटात सतरा जागा सोडल्या. म्हणजे काय करायचं, सगळीकडं खणत जायचं पण मध्ये मध्ये दोन हात रुंदीचा एक तुकडा तसाच ठेवायचा, अजिबात हात लावायचा नाही. भोवतालची माती खाली जाते आणि तो तुकडा खांबासारखा उभा राहतो, डोक्यावर पहिलं गवत तसंच्या तसं. त्याला साक्षी म्हणायचं. जमीन आधी कुठवर होती ते तीच सांगते. मोजणारा माणूस येतो, साक्षीच्या डोक्यापासून पायापर्यंत टेप लावतो, आकडा लिहितो, सही करतो. मगच साक्षी पाडायची. त्याआधी कुणी पाडत नाही. मुकादमाच्या टोळीत एकानं नुसता पाय टेकून साक्षीचं गवत चुरगाळलं होतं, तर मुकादमानं त्याला त्या दिवशी घरी पाठवलं होतं.

चौथ्या महिन्यात न्हावीण घमेलं घेऊन चढताना घसरली. भरलेलं घमेलं पाठीवर आलं. कमरेतून कसलासा आवाज झाला म्हणे. मागच्या बाईनं ऐकला. तिला फळीवर घालून घरी नेलं, ती उठली नाही ती नाहीच. न्हावी दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कुदळ खांद्यावर टाकून आला. थोरली त्याच्याकडं बघून काही बोलायला गेली, तर म्हणाला, "ती म्हणते, घरात बसून माझं तोंड काय बघता, तळं पुरं करा."

आणि पुरं झालं की! आभाळात ढग दिसायच्या आधी आठवडाभर मुकादमानं दोरी सोडली, एक साक्षी मोजली, दुसरी मोजली, सतराच्या सतरा मोजल्या. सहा फूट. दोन ठिकाणी साडेसहा. खिशातली सुपारी काढून त्यानं सगळ्यांना वाटली, आणि हे त्यानं जन्मात कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा आला. उद्या समिती येणार होती बघायला. काठावर उभा राहिला, खाली बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"वहिनी, हे खांब काय सगळीकडं? गाड्या थेट खाली उतरवायच्यात. वरचे लोक येतायत, फोटो होणार. स्मशान वाटतंय हे."

"साक्षी आहेत त्या," मुकादम म्हणाला.

"माहितीये दादा. मी बघितल्या ना आता. सहा फूट, डोळ्यांनी बघितलं. आता काढून टाका."

"टेप लाव. लिही. सही कर. मग पाडतो."

"दादा, टेप लावणारा माझ्या हाताखालचा माणूस. त्याच्या सहीवर मी सही करतो. मी स्वतः बघितल्यावर आणखी काय राहिलं?"

"लिहिल्याशिवाय साक्षी पाडत नाहीत."

धाकट्यानं हात झटकले. "बघ वहिनी. सगळ्या लोकांसमोर. मी परका असल्यासारखा."

सगळी टोळी बघत होती, कुदळी टेकवून. थोरलीला लाज वाटली. आता नीट ध्यानात घ्या, तिला नवऱ्याची लाज वाटली. आपला माणूस एवढा मोठा होऊन चालत आपल्या दारी येतो, आणि याला कागद हवा! ती खाली उतरली. मुकादमाच्या हातातली कुदळ तिनं मागितली. त्यानं दिली नाही. मग शेजारच्या माणसाची घेतली.

"अगं, नको," मुकादम म्हणाला. एवढंच.

"तो लिहील. तो आपला आहे," ती म्हणाली, आणि पहिल्या साक्षीच्या मुळाशी कुदळ घातली. चार घावांत ती आडवी झाली. गवत खाली, माती वर. मग बाकीच्यांनी हात घातला. दुपारपर्यंत तळं सपाट झालं, ताटासारखं. मुकादम तेवढा वेळ काठावर पाठ करून बसला होता.

समिती आली. पाच गाड्या खाली उतरल्या, गोल फिरल्या. टोप्या घातलेल्या साहेबांनी बायकांबरोबर फोटो काढले, कुणी थोरलीचा हात हातात घेऊन म्हणालं, आदर्श आहे हे. धाकटा मागं उभा होता, हसत होता.

बारा दिवसांनी सुनावणीचा कागद आला. तिघं गेले. थोरली, मुकादम, न्हावी. कचेरीत बाकावर दोन तास बसले. बाकाचा एक पाय आखूड, कुणी उठलं की दुसरा दचकायचा. शिपाई येऊन म्हणाला, "पायाची माती आत न्यायची नाही." तिघांनी पायरीवर तळवे घासले. थोरलीनं शिपायाला सांगितलं, "साहेबांना म्हणावं, वहिनी आलीय." शिपायानं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आतून नंबर पुकारतील."

आत लांब टेबल. भिंतीवर माणसाएवढा नकाशा. मधल्या खुर्चीत धाकटा, दोन्हीकडं दोघं दोघं. थोरलीला वाटलं तो उठेल. निदान मान हलवेल. त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "आपलं नाव?"

तिला वाटलं दुसऱ्या कुणाला विचारतोय.

"बाई, रेकॉर्डसाठी. आपलं पूर्ण नाव सांगा."

तिनं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं, अक्षरं विचारून.

मग शेजारचा चष्मेवाला वाचायला लागला. तळ्याची आजची खोली काठापासून दहा फुटांच्या वर भरते. परंतु वस्तीच्या लोकांनी काठावर मातीचा भराव घातलेला आहे. सबब खोली वाढलेली दिसते ती काठ उंच झाल्यामुळे. भराव कच्चा असल्याने तो पाण्याच्या हिशेबात धरता येत नाही. तळ खाली गेल्याचा कोणताही पुरावा जागेवर आढळत नाही.

"अहो, सतरा साक्षी होत्या!" न्हावी ओरडला. "आमच्या टाळक्याएवढ्या!"

"जागेवर नाहीत," चष्मेवाला म्हणाला.

"साहेबांनीच पाडायला लावल्या! विचारा त्यांना. समोर बसलेत. स्वतः बघून गेले."

सगळे धाकट्याकडं बघायला लागले. थोरलीही. तो कागदावर बघत होता. म्हणाला, "तशी काही नोंद नाही."

मुकादम उठला आणि बाहेर गेला. खुर्ची सरकवायचा आवाजसुद्धा केला नाही त्यानं.

सुनावणी संपल्यावर शिपाई थोरलीला मागच्या दारानं साहेबांच्या खोलीत घेऊन गेला. दार लागलं आणि धाकटा परत 'तू'वर आला.

"बस वहिनी. पाणी घे. तिथं मला तसंच बोलावं लागतं, तू समजून घे."

"नकाशा बदलतो म्हणालास."

त्यानं घंटीवर बोट ठेवलं, वाजवली नाही, बोट काढून घेतलं. "नकाशा बदलण्यासारखा नव्हताच. मी तुझ्या ओट्यावर आलो ना, त्याच्या आदल्या आठवड्यात त्याच्यावर सही झाली होती."

"कुणाची?"

"माझीच लागते."

थोरलीनं पाण्याचा पेला हातात घेतला होता, तो तसाच राहिला. "मग खणायला का लावलंस?"

"वहिनी, वर बसलं की वेगळं दिसतं. माणसं रिकामी असली की रस्त्यावर येतात. पलीकडच्या खोऱ्यात आली होती, तिघांची डोकी फुटली, एक पोरगा गेला. इथं मला तसं नको होतं. माझ्या माणसांत तर नकोच होतं. चार महिने कामाला लागले सगळे, दमून झोपले. कुणाला काठी लागली का? कुणाला इजा झाली का?"

"न्हावीण पडून आहे."

"कोण?"

तिनं परत सांगितलं नाही. पेला टेबलावर ठेवून विचारलं, "आणि साक्षी?"

"त्या राहिल्या असत्या तर उद्या कुणीतरी कोर्टात गेलं असतं. कोर्टाचा माणूस आला असता, टेप लावली असती." मग तो हसला, अगदी लहानपणी पाढा बरोबर आला की हसायचा तसा. "सहा भरलं असतं गं. जास्तच. खरं सांगू, आमच्या मशिनांनी एवढं साफ नसतं केलं. छान खणलंत तुम्ही."

ती उठली. तो दारापर्यंत आला. हळू म्हणाला, "बाहेर जाऊन एवढंच सांग, नियमात बसलं नाही. बाकीचं बोलू नकोस. घरोघर तू फिरली होतीस, तुलाच खातील. दादाची आणि तुझी सोय मी केलीय. माझ्या बंगल्यामागं दोन खोल्या आहेत, नळ आत आहे."

पायरीवर न्हावी उभा होता. "काय म्हणाला?"

"वस्तीत गेल्यावर सांगते. सगळ्यांसमोर."

परतीच्या वाटेवर तिला बोलायची संधी होती, गप्प बसायचीही होती. नियमात बसलं नाही, एवढं वाक्य. कुणाला काय कळणार होतं? मुकादम दहा पावलं पुढं चालत होता. त्याच्या पाठीकडं बघत ती चालली.

शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत माणसं जमलेलीच होती. ऊन उतरलं होतं. थोरली उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. सही आधी झाली होती, ते. आपण रस्त्यावर जाऊ नये म्हणून खणायला लावलं, ते. साक्षी का पाडल्या, ते. बंगल्यामागच्या दोन खोल्यांचंसुद्धा सांगितलं. एका म्हातारीला ऐकू कमी यायचं, तिनं सुनेला विचारलं, "म्हणजे धरण होणार का नाही?" सून म्हणाली, "होणारच होतं."

"मग आपण कशाला खणलं?"



न्हावी पुढं आला. त्याचा चेहरा तसा नेहमीसारखाच होता, जणू आता काहीतरी टोमणा मारणार. म्हणाला, "थोरले, पहिली कुदळ कुणी घातली साक्षीला?"

"मी."

"मुकादम नको म्हणत होता."

"हो."

"तेवढंच विचारायचं होतं," तो म्हणाला आणि घरी गेला. मग एकेक जण उठला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, हो की नाही? कुणी दिल्या नाहीत. कुणी म्हणालं, अजूनही रस्ता अडवू. पण म्हणताना तो स्वतःच गुडघा चोळत होता, आणि ओळीनं बसलेल्या माणसांत सरळ उभं राहू शकणारं कुणी नव्हतं.

तीन दिवस थोरलीच्या ओट्यावर कुणी चढलं नाही. पाण्याला गेली की बायका आपली भांडी बाजूला घ्यायच्या, तिला आधी भरू द्यायच्या. पाहुणीला देतात तसा मान. न्हाविणीला बघायला गेली, तर न्हाव्यानं दार उघडलं, म्हणाला, "झोपलीय." आतून न्हावीण म्हणाली, "कोण आलंय?" तो म्हणाला, "कुणी नाही."

मुकादम घरातच असायचा. जेवायचा, ताट धुवायचा. तिनं एकदा विचारलं, "अहो, बोला ना काहीतरी." त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "मी कुदळ घट्ट धरायला पाहिजे होती." यापेक्षा तिला मारलं असतं तर परवडलं असतं.

चौथ्या दिवशी कचेरीची माणसं आली, घरांवर आकडे घालायला. एकाच्या हातात लाल रंगाचा डबा आणि ब्रश, दुसऱ्याच्या हातात यादी. दाराशेजारी आकडा घालायचा, यादीत खूण करायची, पुढच्या घरी. लोक आपापल्या दारात उभे होते, बघत. बावीस न्हाव्याचं घर. त्याच्या भिंतीवर दोनाचा आकडा दोनदा पडला, ओघळ खालीपर्यंत आला. तेवीसला त्याच्या समोरचं थोरलीचं घर. रंगवाला ते सोडून पुढं निघाला.

"ओ," थोरली म्हणाली. "हे राहिलं."

यादीवाल्यानं कागद बघितला. आवाज खाली आणला, पण वस्ती एवढी शांत होती की सगळ्यांना ऐकू गेलं. "मावशी, तुमचं यादीत नाही. मोठ्या साहेबांनी सांगितलंय. तुमची सोय वेगळी आहे."

"यादीत घाला."

"मला अधिकार नाही हो. माझी नोकरी जाईल."

थोरली ओट्यावरून उतरली. रंगवाल्याच्या हातातला ब्रश तिनं घेतला. त्यानं सोडला, काय करणार बिचारा. घमेलं उचलून उचलून तिचा खांदा एका उंचीच्या वर जात नव्हता, म्हणून आकडा दाराच्या बराच खाली आला. पोरांच्या उंचीवर. तिनं आधी दोन काढला, मग तीन. रंग मनगटावरून कोपरापर्यंत आला.

यादीवाला म्हणाला, "नुसतं भिंतीवर काढून काय उपयोग? कागदावर नाही ना ते."

"माहितीये," थोरली म्हणाली. "कागदावर काय असतं ते मला माहितीये आता."

तिनं ब्रश परत दिला. समोरच्या दारात न्हावी उभा होता. सगळी वस्ती त्याच्याकडं बघत होती, तो काय म्हणतो म्हणून. त्यानं मान वाकडी केली, भिंतीकडं नीट बघितलं, गिऱ्हाइकाचा गाल बघतो तसं.

"तीन वाकडा आलाय," तो म्हणाला.

आणि आत गेला, दार लावून घेतलं.

रंगवाला चोविसाव्या घराकडं वळला. थोरली तिथंच उभी राहिली, रंगानं भरलेला हात अंगापासून लांब धरून. मग मुकादम बाहेर आला. त्याच्या हातात घासलेटात बुडवलेलं फडकं होतं. त्यानं तिचं मनगट धरलं आणि एकेक बोट पुसायला लागला. तिच्याकडं मात्र बघितलं नाही.